चोरून आणलेले, लपवून राखलेले : कोंक गावातले चार दिवस

दिवस पहिला : रोदेझ ते सेनेर्ग

पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्थानकावरून रात्री निघालेल्या गाडीने आम्हा दोघांना सकाळी रोदेझला उतरवले, तेव्हा बाहेर अजून अंधारच होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिण फ्रान्सच्या या डोंगराळ भागात सूर्य आठ वाजल्यानंतर उगवतो, आणि त्याआधी उघडे असलेले उपाहारगृह शोधणे हेच शहरातले आमचे पहिले काम ठरले. रोदेझ हे अव्हेरों जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून जुन्या काळी हा सारा मुलूख रुएर्ग या नावाने ओळखला जाई. आम्हाला जायचे होते ते मात्र येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोंक या गावी. जेमतेम अडीचशे वस्तीच्या या गावात अकराव्या-बाराव्या शतकांतले एक प्रचंड चर्च उभे आहे, आणि एवढ्या आडवळणाच्या दरीत ते कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने बांधले, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात होता.

रोदेझमध्ये थांबण्याचे कारण चित्रकार पिएर सुलाज. त्यांचा जन्म 1919 मध्ये याच शहरात झाला. शाळेच्या सहलीबरोबर ते मुलगेपणी कोंकला गेले आणि आपले आयुष्य कलेतच जायचे, हे त्या चर्चमध्ये उभे असतानाच ठरले, असे ते पुढे सांगत असत. त्यांच्या नावाचे संग्रहालय येथे 2014 मध्ये उघडले. गंजल्यासारख्या तांबूस पोलादाच्या त्या चौकोनी इमारतीत, कोंकच्या चर्चसाठी त्यांनी केलेल्या खिडक्यांचे मूळ आकाराचे आराखडे ठेवलेले आहेत. पांढऱ्या पृष्ठभागावर नुसत्या काळ्या रेषा पाहून फारसे काही हाती लागले नाही, हे कबूल केले पाहिजे. दुपारी भाड्याच्या मोटारीने सेनेर्ग या खेड्यात जाऊन मुक्काम केला, कारण कोंकला पायीच पोहोचायचे असे आम्ही ठरवले होते.

दिवस दुसरा : सेनेर्ग ते कोंक

ल प्युई येथून निघून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत जाणारा यात्रामार्ग सेनेर्गवरून जातो, आणि तेथून कोंक साधारण दहा किलोमीटरवर आहे. वाट बराच वेळ डोंगराच्या माथ्यावरूनच जाते. दोन्ही बाजूंना कुरणे, त्यांत तांबूस रंगाच्या गाई आणि मधूनमधून चेस्टनटची जुनी झाडे, असा तो प्रदेश आहे. काटेरी कवचे फुटून वाटेवर चेस्टनटचा सडा पडला होता. वाटेवर पडलेले खुशाल उचला, पण कुंपणाच्या आतल्याला हात लावू नका, असे सेनेर्गच्या घरमालकीणबाईंनी निघताना बजावले होते. धान्य नीट पिकत नसलेल्या या उतारांवर कैक पिढ्या याच फळावर जगल्या आहेत. ते वाळवण्यासाठी बांधलेल्या, खाली मंद धूर करण्याची सोय असलेल्या दगडी खोल्या रानात अजून दिसतात. या खोल्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

सँ-मार्सेल ही छोटी वस्ती मागे पडली की वाट एकदम खाली कोसळते. गुडघ्यांची परीक्षा पाहणाऱ्या त्या उतारावर झाडीतून पहिल्यांदा दिसतात ती छपरे. शिस्ट नावाच्या करड्या दगडाच्या पातळ चिपा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवून ती शाकारलेली असतात. मग तीन मनोरे दिसतात, आणि अखेर उश या ओढ्याच्या घळीवर उतरंडीसारखी रचलेली सगळी वस्ती. गावाचे नाव शिंपल्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले, असे सांगतात. वरून पाहिल्यावर त्या खोलगट जागेला हे नाव कोणाला का सुचले असेल, ते कळते. उश पुढे गावाच्या पायथ्याशी दुर्दू नदीला मिळतो. सपाट जमीन म्हणावी अशी येथे कोठेच नाही, आणि गावाच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या पेचाचे मूळ या गोष्टीतच आहे.

आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक एकांतवासी साधू या घळीत येऊन राहिला. त्याच्याभोवती मठ जमला, आणि फ्रँकांचा सम्राट शार्लमान याचा मुलगा सम्राट लुई याने त्याला आश्रय दिला. पण जागा अपुरी, वाटा बिकट आणि हिवाळा कडक असल्यामुळे लुईचा मुलगा, अक्वितेनचा राजा पेपँ याने 838 मध्ये फिजाक येथे ‘नवे कोंक’ स्थापन करून दिले. तेथे मैदान होते आणि मठाच्या वाढीला वाव होता. जुन्या मठातल्या साधूंपुढे आता दोनच मार्ग राहिले. एक तर निमूटपणे ओस पडायचे, नाहीतर लोकांना या दरीपर्यंत ओढून आणील असे काहीतरी मिळवायचे. त्या काळी असे आकर्षण म्हणजे एखाद्या मोठ्या संताच्या अस्थी. आधी स्पेनमधल्या संत व्हिन्सेंटच्या अस्थींसाठी खटपट झाली, पण ती फसली. मग त्यांची नजर आझां या शहराकडे वळली.

आझांमध्ये फ्वा नावाच्या मुलीची समाधी होती. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, 303 च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून या बारा-तेरा वर्षांच्या पोरीला तापलेल्या जाळीवर ठेवून शेवटी तिचा शिरच्छेद केला, अशी कथा आहे. ‘फ्वा’ म्हणजे श्रद्धा. कोंकच्या मठातून एक साधू आझांला गेला, तेथल्या धर्मसमूहात मिसळला, दहा वर्षे विश्वासाने राहिला आणि अखेर त्या समाधीचाच राखणदार झाला. मग एके रात्री, बाकीचे लोक सणाच्या जेवणाला बसलेले असताना, त्याने समाधी फोडली, अस्थी पिशवीत भरल्या आणि कोंकची वाट धरली. हे साधारण 866 मध्ये घडले. मौज अशी की कोंकच्या साधूंनी ही हकिकत दडवली नाही, उलट अभिमानाने लिहून ठेवली. संताची इच्छा नसती तर तिने स्वतःला चोरू दिले असते का, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्याला उत्तर देणे आझांकरांना कठीण गेले असणार.

आमच्यापुढे मात्र एका साध्या पिशवीचाच प्रश्न उभा होता. यात्रेकरूंच्या जड पिशव्या पुढच्या मुक्कामी मोटारीने पोहोचवणाऱ्या एका सेवेने आमची पिशवी भलत्याच गावी उतरवली होती, आणि ती रात्री नऊला हाती आली. तोपर्यंत अंगावरच्या घामट कपड्यांनीच चर्चच्या समोरच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, आणि त्यामुळे मावळतीच्या उन्हात पश्चिमेच्या दारावरचा शिल्पपट जेवढा वेळ पाहायला मिळाला तेवढा एरवी मिळाला नसता.

सुमारे पावणेसात मीटर रुंद आणि साडेतीन मीटरहून उंच अशा त्या अर्धवर्तुळात अंतिम निवाड्याचा, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सर्व माणसांचा न्याय करतो त्या प्रसंगाचा, देखावा कोरलेला असून त्यात 124 आकृती आहेत. हे काम बाराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातले मानतात. मध्यभागी ख्रिस्त बसला आहे, उजवा हात वर आणि डावा खाली. त्याच्या उजव्या बाजूने मरिया, किल्ली घेतलेला संत पीटर आणि इतर पुण्यवंत चालत येत आहेत. या रांगेत एक मठाधिपती शार्लमानला हाताला धरून आणतो आहे, आणि सम्राट चांगलाच बिचकलेला दिसतो. मठाला देणग्या देणाऱ्या घराण्याला स्वर्गात जागा राखून ठेवण्याची ही पद्धत मोठी व्यवहारी आहे. खाली एका कोपऱ्यात लहानशी फ्वा गुडघ्यांवर वाकलेली असून आभाळातून आलेला देवाचा हात तिच्या डोक्याजवळ पोहोचला आहे, आणि तिच्या मागे कमानीला बेड्या टांगलेल्या आहेत. ही संत कैद्यांना सोडवते अशी ख्याती होती आणि सुटलेले लोक आपल्या बेड्या येथे आणून वाहत. चर्चच्या गाभाऱ्याभोवतीच्या बाराव्या शतकातल्या लोखंडी जाळ्या त्याच बेड्या वितळवून घडवल्या, असे परंपरा सांगते.

दुसऱ्या बाजूचा नरक अधिक चुरचुरीत उतरला आहे, हे सांगायला नकोच. घोड्यावरून उलटा पडणारा गर्विष्ठ सरदार, गळ्यात थैली अडकवून फासावर लटकलेला कंजूष, जीभ उपटली जात असलेला लबाड आणि खोटी नाणी पाडणारा, असे सगळे तेथे आहेत. चोरून शिकार करणारा इसम तर आगीवर भाजला जात असून त्याला भाजणाराच ससा आहे. चोरीच्या अस्थींवर उभ्या राहिलेल्या मठाने चोरट्या शिकाऱ्याला दिलेली ही शिक्षा पाहून मला हसू आवरले नाही. मिखाएल हा देवदूत आत्म्यांचे वजन करतो आहे आणि समोरचा सैतान हळूच बोटाने पारडे आपल्याकडे दाबू पाहतो आहे. निळ्या आणि लाल रंगाचे अंश अजून टिकून आहेत. पण मला सर्वांत आवडले ते कमानीच्या अगदी कडेचे लोक. दगडाची पट्टी कापडासारखी बोटांनी धरून ते तिच्याआडून फक्त डोळे-नाक बाहेर काढून खालचा तमाशा पाहत आहेत. फ्रेंचमध्ये त्यांना ‘कुतूहलवाले’ म्हणतात.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर येथील प्रेमोंत्रे पंथाचे धर्मबंधू यात्रेकरूंना आशीर्वाद देतात आणि नंतर त्यांच्यापैकी एक जण बाहेर येऊन हा शिल्पपट समजावून सांगतो. त्याचे बोलणे भराभर आणि विनोदी होते. निम्मे मला कळले नाही, पण सैतानाच्या बोटापाशी सगळे हसले तेव्हा मीही हसलो.

दिवस तिसरा : कोंक

सकाळी मठाच्या खजिन्याचे दालन पाहिले. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे संत फ्वाची बैठी मूर्ती. तिची उंची अवघी 85 सेंटिमीटर आहे. आतील गाभा लाकडाचा आणि वरून सोन्याचा पत्रा आहे. त्यावर इतकी रत्ने, कोरीव खडे आणि दागिने जडलेले आहेत की प्रथम डोळ्यांना मूर्ती दिसतच नाही. मस्तक मात्र शरीराशी जुळत नाही, ते प्रमाणाने मोठे आणि चेहऱ्याने पुरुषी आहे. उशिराच्या रोमन काळातल्या एका सुवर्णमस्तकाचा येथे पुन्हा वापर केला आहे, असे अभ्यासक सांगतात. बारा वर्षांच्या मुलीच्या मूर्तीला एखाद्या रोमन सम्राटाचा चेहरा लाभावा, आणि तोही बहुधा तिचा जीव घेणाऱ्या राजवटीतला, या योगायोगाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. तिचे निळे-पांढरे काचेचे डोळे पाहणाऱ्याच्या थोडे वर, पलीकडे कोठेतरी लागलेले असतात.

या मूर्तीसमोर 1013 मध्ये आंजे येथील बर्नार नावाचा एक विद्वान धर्मगुरू उभा राहिला होता. उत्तरेकडे अशा मूर्ती करण्याची प्रथा नव्हती. शिकलेल्या ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने ती उघड मूर्तिपूजा होती. येथे येताना वाटेत ओरियाक येथे संत जेरोची अशीच सोन्याची मूर्ती पाहून त्याने सोबत्याकडे वळून लॅटिनमध्ये थट्टा केली, की अशी मूर्ती ज्युपिटर किंवा मार्स या रोमन देवांनाही कमीपणाची वाटली नसती, आणि कोंकला आल्यावरही त्याची वृत्ती तीच होती. पण येथे राहून लोकांच्या हकिकती ऐकता ऐकता तो बदलला, आपल्या थट्टेबद्दल त्याने पश्चात्ताप लिहून ठेवला आणि संत फ्वाच्या चमत्कारांचा मोठा संग्रह रचला. मूर्तीशी बोलणे, तिच्यावर रुसणे, तिला दागिना कबूल करून तो विसरणे आणि मग स्वप्नात तिची बोलणी खाणे, हे सारे ज्यांना घरचे आहे अशा आपल्या वाचकांना बर्नारचा हा प्रवास विशेष ओळखीचा वाटेल. त्याच्या संग्रहातली फ्वा खरोखरच हट्टी पोर आहे. तुलूझच्या सरदाराची पत्नी आर्सांद हिच्याकडे ती स्वप्नात जाऊन सोन्याची कंकणे मागते आणि बदल्यात मूल देते. गिबेर नावाच्या सेवकाचे डोळे त्याच्याच धन्याने काढले, आणि वर्षभर गाणी-नकला करून पोट भरल्यावर 983 मध्ये फ्वाने त्याला पुन्हा दृष्टी दिली, ही सर्वांत गाजलेली कथा. अशा कथांमागून यात्रेकरू आले आणि यात्रेकरूंमागून जमिनी व सोने आले. पश्चिमेला स्पेनपासून पूर्वेला आल्सासपर्यंत मठाची मालमत्ता पसरली. सध्याचे चर्च ओदोलरिक या मठाधिपतीने अकराव्या शतकाच्या मध्यास सुरू केले आणि पुढे बेगों तिसरा याच्या काळात, 1100 च्या आसपास, काम पुष्कळ पुढे गेले. मध्ययुगात गावाची वस्ती तीन हजारांच्या घरात होती, असे मानतात. आताच्या गल्ल्यांतून फिरताना एवढी माणसे येथे मावली कशी, हेच समजत नाही.

चढतीइतकीच उतरतीही लांबली. चौदाव्या शतकात प्लेग आला, यात्रा आटली, 1537 मध्ये मठ मोडून साधूंच्या जागी सामान्य धर्माधिकारी नेमले गेले, आणि 1568 मध्ये प्रॉटेस्टंट सैन्याने चर्चला आग लावली. मग फ्रेंच राज्यक्रांती आली, आणि चर्चमधले सोने-चांदी वितळवून सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. गावात सांगतात ते असे : अधिकारी पोहोचण्याआधीच गावकऱ्यांनी खजिना आपापसांत वाटून घेतला, कोणी परसात पुरला, कोणी चेस्टनट वाळवण्याच्या खोलीत फळांच्या ढिगाखाली दडवला, आणि वादळ शमल्यावर सगळ्या वस्तू परत आणून दिल्या. सोन्याची मूर्ती घरात ठेवून उपाशी झोपलेली माणसे या गावात त्या काळी नक्कीच असतील. एक चोरी करून मिळवलेली ठेव हजार वर्षांनी दुसऱ्या चोरीचा आव आणून वाचवली गेली. फ्रान्समधल्या फार थोड्या मठांचा मध्ययुगीन खजिना आज जागेवर आहे, आणि कोंकचा आहे तो या लपवालपवीमुळे.

अस्थींचेही तसेच झाले. त्या भिंतीत चिणून ठेवल्या होत्या आणि कोठे आहेत ते लोक विसरले होते. 1875 मध्ये दुरुस्तीचे काम चालू असताना गाभाऱ्यातली भिंत उकलली तेव्हा मिनाकाम केलेल्या चकत्या जडवलेली चामड्याची पेटी सापडली आणि तिच्यात अस्थी मिळाल्या.

इमारतीला मात्र कोणी लपवू शकत नव्हते. मठाच्या अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांचे दगड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांनी घरे-कुंपणे बांधायला नेले. आज तेथे मोजक्या कमानी आणि हिरव्या सर्पेंटाइन दगडाचे एक मोठे कुंड एवढेच दिसते. येथे गावकऱ्यांची बाजू घेणे जरा अवघड आहे. 1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे येथे आले. अशा ओसाड मुलखात एवढी संपत्ती सापडेल अशी आपली मुळीच तयारी नव्हती, या अर्थाचे वाक्य त्यांनी अहवालात लिहिले. त्यांच्या धडपडीमुळे 1840 मध्ये देशातील संरक्षित वास्तूंच्या पहिल्याच यादीत या चर्चचे नाव आले आणि दुरुस्तीला पैसा मिळाला.

दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी चर्चमध्ये बसलो, ते खिडक्यांसाठी. गाभाऱ्यापुढील दालनाची उंची 22 मीटर असून लांबीच्या मानाने ती अंगावर येते. पिवळसर चुनखडी, तांबूस वालुकाश्म आणि करडा शिस्ट अशा तीन दगडांची ही बांधणी आहे. पूर्वी येथे विसाव्या शतकातली रंगीत चित्रकाच होती. 1986 मध्ये सरकारने सुलाज यांना काम दिले तेव्हा गावातून विरोधही झाला. संतांची चित्रे काढून रेघोट्या कशाला, अशी तक्रार अगदीच गैर म्हणता येणार नाही. सुलाज यांनी रंग पूर्णपणे टाळला. त्यांना हवी होती ती आरपार न दिसणारी, पण प्रकाश आत घेऊन कमी-अधिक झिरपू देणारी काच, आणि ती बाजारात न मिळाल्यामुळे शेकडो प्रयोग करून तयार करवून घेतली. तुलूझचे काचकारागीर जाँ-दोमिनिक फ्लरी यांच्यासोबत 104 खिडक्या-झरोक्यांचे हे काम 1994 मध्ये पुरे झाले. रोदेझच्या संग्रहालयात निर्जीव वाटलेल्या काळ्या रेषा येथे शिशाच्या पट्ट्या होऊन वाऱ्याने कललेल्या गवतासारख्या वर चढतात. दुपारी दोन वाजता काच दुधी होती. साडेसहाला पश्चिमेची काच मधाच्या रंगाची आणि उत्तरेची निळसर झाली, आणि काचेत रंग नाही हे माहीत असूनही मी दोनदा उठून जवळ जाऊन खात्री केली.

रात्री जेवणात आलिगो होता. उकडलेल्या बटाट्यात ताजे चीज घोटून केलेला हा पदार्थ वाढताना हातभर लांब तार निघते. सोबत मार्सियाकची तांबडी वाइन होती. त्या खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांची वाढ कोंकच्या साधूंनीच केली, असे वाढणाऱ्या बाईंनी अभिमानाने सांगितले.

दिवस चौथा : कोंक ते नोआयाक

शार्लमान गल्लीतून बारी दरवाजा ओलांडून खाली उतरलो की दुर्दूवरचा दगडी पूल लागतो. त्याला ‘रोमन पूल’ म्हणतात, पण रोमनांशी त्याचा संबंध नाही. तो पंधराव्या शतकाच्या आरंभीचा आहे, आणि यात्रेकरूंसाठी असलेल्या स्थानिक ओक्सितान शब्दाचा अपभ्रंश होऊन हे नाव रूढ झाले. सांतियागोच्या वाटांवरील फ्रान्समधली जी स्थळे 1998 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत चर्चबरोबर हा पूलही आहे.

पुलापलीकडे चढ इतका उभा आहे की बोलणे आपोआप बंद होते. अर्ध्या वाटेवर संत फ्वाचे एक छोटे देऊळवजा प्रार्थनास्थळ आहे. तेथील झऱ्याच्या पाण्याने डोळ्यांचे विकार बरे होतात असा लोकांचा समज आहे, आणि तो गिबेरच्या कथेशी जुळतो. पत्नीने डोळ्यांना पाणी लावले आणि मग माझ्याकडे पाहून मलाही लावायला लावले. तेथली घंटा वाजवून यात्रेकरू पुढे जातात. मागे वळून पाहिले तेव्हा सगळे गाव तळहातावर ठेवल्यासारखे समोर होते.

माथ्यावर पोहोचल्यावर पठार, वारा आणि नोआयाक. कागदोपत्री आम्ही गावाबाहेर पडलोच नव्हतो. राज्यक्रांतीच्या पहिल्याच वर्षी, 1789 च्या डिसेंबरमध्ये, देशभरातील गावांना समान कायद्याने आपापले निवडलेले महापौर आणि मंडळ मिळाले, आणि त्यातून घडलेली ‘कोम्यून’ अजून फ्रान्सचे सर्वांत लहान स्वायत्त एकक आहे. अशा कोम्यून आजही सुमारे 35,000 आहेत. दोनशे माणसांच्या गावाला स्वतंत्र कारभार पेलत नाही म्हणून अलीकडे एकत्रीकरणाला उत्तेजन मिळते, आणि 1 जानेवारी 2016 पासून कोंक, ग्रां-वाब्र, नोआयाक व सँ-सिप्रियाँ-स्युर-दुर्दू मिळून कोंक-आँ-रुएर्ग ही एकच कोम्यून झाली. चौघांची मिळून लोकसंख्या दीड हजाराच्या थोडी वर आहे. ज्या कोंकला फिजाकच्या सावलीत जायचे नव्हते, त्याचे नाव आता शेजाऱ्यांच्या माथ्यावर बसले आहे.

मोटार यायला वेळ होता, म्हणून चर्चजवळच्या बाकावर बसलो. शेजारी काठी घेऊन बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी कोठून आलात म्हणून विचारले. कोंकहून, असे मी म्हणालो. “म्हणजे खालून,” ते म्हणाले. मग आपण येथलेच का, असे पत्नीने विचारले, तेव्हा त्यांनी काठीने पायाखालची जमीन ठोकली आणि म्हणाले, “नोआयाक.” पुढचे लांबलचक नाव त्यांनी घेतले नाही. खिशात हात घातला तर सेनेर्गहून निघताना उचललेले चार-पाच चेस्टनट हाताला लागले. त्यांतला एक, खरे सांगायचे तर, कुंपणाच्या आतला होता. मी ते सगळे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी एकेक उलटून पाहिला, दोन किडके निघाले ते फेकले आणि बाकीचे स्वतःच्या खिशात टाकले.